भरल्या टाकीचे ब्रेक

माझ्या अंगात थोडी मिजास आहे असं घरचे म्हणतात आणि मी ते नाकारत नाही. सगळं आयुष्य गाड्या दुरुस्त करत, पान्यांत आणि ग्रीसात घालवलेल्या माणसाला तेवढी चालायचीच. पण मला मनापासून अभिमान वाटतो असं काम विचाराल तर एकच सांगेन. बहात्तरच्या दुष्काळात एका टँकरला मी पारखून बसवलेले ब्रेकचे चार ड्रम आणि त्यांना आतून घासून चाक थांबवणारे लायनर.

टँकर कसला, मिल्ट्रीच्या लिलावातून आलेली डिस्पोजलची गाडी होती ती. चारही चाकांनी ओढणारी. ओढा असो की नांगरट, अडकून म्हणून पडायची नाही. आमच्या सहकारी संघानं ती घेतली, मागं पाण्याची टाकी चढवली आणि जिथं रस्ता नव्हता अशा गावांना धाडायला सुरुवात केली. संघाच्या गॅरेजात मिस्त्री मी एकटा. आमच्या बौद्ध वस्तीतून हातात पाना घेऊन पगारावर लागलेला पहिला मीच, त्यामुळं ताठा जरा जास्तच होता.

गाडी तेरजवळच्या एका विहिरीवर भरायची आणि येडशीच्या पलीकडं, डोंगराच्या पोटातल्या एका गावाला जायची. गावात उतरायला खडीची वाट, तीव्र उताराची, आणि मध्येच एक अवघड वळण. ब्रेक नीट लागत नव्हते म्हणून टाकी अर्धीच भरून न्यायची पद्धत पडली होती. अर्ध्या टाकीत अर्धं गाव भागायचं. रांगेचा नेम कुणी कागदावर लिहिलेला नव्हता, पण आमच्या लोकांची वस्ती कायम शेवटी उभी राहायची आणि पाणी संपायचं ते तिच्या तोंडाशी येऊन. त्या वस्तीत माझी थोरली बहीण दिलेली होती. आक्का दोन घागरी घेऊन यायची आणि बहुतेक वेळा दोन्ही रिकाम्या घेऊन परत जायची. हे मला गाडीच्या ड्रायव्हरनं सांगितलं. आक्का स्वतः कधी एक अक्षर बोलली नाही, आणि त्याचाच मला जास्त राग यायचा.

ड्रायव्हर वयानं मोठे होते, सगळे त्यांना वस्ताद म्हणत. एक दिवस गॅरेजात येऊन ते म्हणाले, "मिस्तरी, आता अर्ध्या टाकीतबी गाडी ऐकंना. वळणावर पाय दाबला की मागून कुणीतरी ढकलल्यावानी पुढं जाती."

"अर्धी हाय म्हणूनच ढकलती, वस्ताद," मी म्हणालो. "भरल्या टाकीतलं पाणी जागा सोडत न्हाय. अर्ध्यातलं पुढं येऊन आपटतं."

"मग भरून न्यायची म्हणता?"

"भरूनच न्यायची. पण आधी ब्रेक बघू द्या."

चाकं उतरवली आणि माझं डोकंच फिरलं. ड्रम दोनदा लेथवर घासून पातळ झालेले, आतून बारीक तडे गेलेले. लायनर मात्र जसेच्या तसे. ते आदल्या वर्षी संघाच्या एका संचालकांनी सोलापूरहून स्वतः आणले होते. शेतकरी माणूस, कुळवाची लोखंडी फास घ्यायची ती कठीण बघून, मग लायनरही तसेच घेतले. नखानं ओरखडा उठत नाही म्हणजे माल चोख, हा त्यांचा हिशोब. बघा, वर्षात झिजले नाहीत, असं ते सगळ्यांना सांगायचे. झिजणार कसे? लायनर ड्रमला खात होते.

संघाच्या बैठकीत मी सांगितलं की चारही ड्रम दुसरे लागतील आणि लायनर मऊ लागतील.

"मऊ?" संचालक हसले. "चार महिन्यात झिजतील."

"झिजायलाच असतात त्ये," मी बोलून गेलो. आवाज चढला होता. नोकरानं संचालकाला असं बोलायची तिथं रीत नव्हती.

चेअरमन म्हातारे होते, त्यांना सगळा तालुका तात्या म्हणायचा. मी त्यांच्याकडं वळलो. "तात्या, तुमच्या बैलगाडीच्या ब्रेकाला लाकूड कंचं लावता?"

"निंबाचं," ते म्हणाले.

"बाभळीचं का न्हाय? बाभळ तर लई टणक."

"बाभळ धावंवर घसरती. धरत न्हाय. धाव खराब करती ती येगळीच." मग संचालकांकडं बघून गालातल्या गालात हसले. चाकाच्या लोखंडी धावेला काय लागतं हे त्या खोलीतल्या प्रत्येकाला लहानपणापासून माहीत होतं. फक्त ट्रकच्या चाकापुढं ते शहाणपण कुणाला आठवलं नव्हतं.

"मिस्तरी म्हणतोय त्ये आणू द्या," तात्या म्हणाले.

संचालकांनी हार मानली, पण एक अट घातली. "पयल्या खेपेला टाकी गच्च भरायची, आन् उतारावर ह्यानं गाडीत बसायचं."

"बसतो की," मी म्हणालो. तसाही मी बसणारच होतो.

सोलापुरात जुन्या गाड्यांचे भाग विकणारा एक दुकानदार होता. त्यानं आधी रंग दिलेले चकचकीत ड्रम पुढं केले. मी त्यांच्याकडं बघितलंही नाही. मागच्या ढिगातून सात काढायला लावले, एकेक दोरीला टांगला आणि पान्यानं हलकेच वाजवला. सलग असेल तो ड्रम घंटेसारखा घुमतो, तडा असेल तो ठक्क करून गप्प बसतो. सातातले तीन गप्प बसले. राहिलेल्या चारांची जाडी मी कडेनं सगळीकडून तपासली. दुकानदार कंटाळला.

"लगीन लावताय का काय ड्रमाचं?"

"व्हय," मी म्हणालो, "पत्रिका जुळल्याबिगर न्हेत न्हाय."

लायनर घेताना नख दाबलं आणि ओरखडा उठला तेच घेतले.

बसवायला मला दोन दिवस लागले. लायनरला भोकं पाडून रिव्हेट अशा बसवल्या की एकही डोकं वर राहिलं नाही. मग ड्रमला आतून खडू फासला, लायनर ठोकलेली लोखंडी कमान, म्हणजे शू, आत बसवून ड्रम फिरवला, आणि लायनरला जिथं जिथं खडू लागला तिथं तिथं कानशीनं घासलं. पुन्हा खडू, पुन्हा कानस, असं करत सगळ्या लायनरभर पांढरं उमटेपर्यंत. वस्ताद शेजारी बसून बघत होते. मधूनच म्हणाले, "लेकराची बी यवडी मालिश कुणी करत न्हाय." मग आम्ही येडशीच्या रस्त्यावर रिकामी गाडी पळवली, थांबवली, पळवली, लायनर ड्रमला बसेपर्यंत.

त्या दिवशी टाकी काठोकाठ भरली. उताराच्या तोंडाशी वस्तादांनी गाडी खालच्या गियरमध्ये टाकली. मी त्यांच्या शेजारी. खोटं कशाला सांगू, मला भीती वाटली. ड्रम निवडताना वाटली नाही ती तिथं वाटली, कारण चूक झालीच तर ती माझ्या एकट्यावर पडणार नव्हती. वळणाच्या अलीकडं त्यांनी पाय दाबला. तापल्या लायनरचा वास आला. गाडी डावी-उजवीकडं न ओढता मंदावली आणि थांबली. वस्तादांनी पाय सोडला, चार हात जाऊ दिली, पुन्हा दाबला. पुन्हा थांबली.

"ऐकती," ते म्हणाले.

आम्ही तशाच चालीनं गावात उतरलो. रांग लागलेलीच होती. पुढच्या बायका भरून गेल्या, मधल्या गेल्या, आणि टाकीचा नळ रोज जिथं थांबायचा तिथं तो थांबला नाही. वस्ती सुरू झाली. आक्काच्या दोन्ही घागरी भरल्या, तिच्या मागच्यांच्याही भरल्या. रांग संपली आणि नळाला तसंच जोराचं पाणी येत होतं. पुढं काय करायचं हे कुणालाच सुचेना. माझी छाती फुगली होती आणि ती लपवायचं मला काही कारण दिसलं नाही.

आक्का भरल्या घागरींपाशी उभी होती. परक्या माणसाला विचारावं तसं तिनं मला विचारलं, "घरात आजून एक घागर हाय. आणू का?"

"आण की," मी म्हणालो. "आन् पळू नको. पाणी हाय."

ती वळली आणि वस्तीकडं निघाली. त्या वर्षात आक्काला पाण्याकडं पाठ करून सावकाश चालताना मी पहिल्यांदाच पाहत होतो.