पालखीसमोर माझ्या कर्जाचं गाऱ्हाणं

शिमग्याची पालखी आज दुपारी आमच्या अंगणात आली आणि तिच्या मागोमाग वसुलीवाला.

इंजिनिअरिंगसाठी मी शैक्षणिक कर्ज काढलं होतं. मुंबईतली कंपनी बंद पडली, मी लांज्याजवळ घरी परत आले आणि हप्ते थकले. हप्ता कमी करून द्या असा अर्ज बँकेत कधीच दिलाय. त्याला उत्तर नाही, धमकीचे फोन मात्र रोज.

वसुलीवाल्याने मला पडवीत गाठलं. हळूच म्हणाला, "ताई, सगळी वाडी जमलीय. सगळ्यांसमोर बोललो तर बरं दिसेल का?"

म्हणजे दिवस बघूनच आला होता. माझं डोकंच फिरलं.

आमच्याकडे पालखीसमोर घरोघरचं गाऱ्हाणं गावकरकाका मोठ्याने घालतात. मी सरळ त्यांच्यापाशी गेले. "काका, माझंपण घाला. नोकरी गेलीय, शिक्षणाचं कर्ज थकलंय. सगळं सांगा."

आईचा चेहरा उतरला. काकांनी एकदा माझ्याकडे बघितलं आणि आवाज चढवला, "बा देवा म्हाराजा, ह्या पोरीला नोकरी दे, तिचं कर्ज तिच्याच हातून फिटू दे, आणि दारात येऊन तिला कोण लाजवत असेल, तर त्याला चांगली बुद्धी दे."

"व्हय म्हाराजा," सगळी वाडी म्हणाली.

त्यात वसुलीवाल्याचाही आवाज होता. तोही इथलाच, सवयीने बोलून गेला. मग मान खाली घालून चपला शोधू लागला.

कर्ज मी फेडणारच. पण लपवणं आजपासून बंद. तुमच्यातलं कोण कोण अजून फोन वाजला की घरच्यांपासून लांब जाऊन उचलतं?