मांगरातला ताप

हौसा पायवाटेने येताना दिसली की आमच्या गावात लोक बोलावून तिला पाणी द्यायचे. ती आशाताई. पोरांच्या लशी, पोटुशींच्या गोळ्या, बाळंतपणाला गाडी, सगळं तिच्याकडे. बोलायला फटकळ, पण तिच्या फटकळपणाचा कोणाला राग येत नसे. कोरोना आला आणि हीच माणसं तिला बघून दारं लोटायला लागली.

त्याला कारण काशीरामचं प्रकरण. काशीराम जयगडच्या बंदरात कामाला. पहिल्या वर्षी त्याला ताप भरला, हौसाने नियमाप्रमाणे वर कळवलं आणि दुपारी गाडी आली. तो त्या गाडीत चढला तो परत आलाच नाही; शेवटचं तोंडसुद्धा कोणाला बघायला मिळालं नाही. घरासमोर बांबू ठोकले. त्याची बायको सोनूबाई मासे विकायची. पुढे कित्येक महिने तिची पाटी कोणी दारात उतरवून घेतली नाही. यात हौसाचं काय चुकलं? काहीच नाही. पण गावाला कोणाच्या तरी माथी खापर फोडायचं असतं, आणि सरकार काही पायवाटेवर सापडत नाही.

मग गाव शहाणं झालं. आमच्याकडे आंब्याच्या कलमांच्या बागेत मांगर असतो, राखणदाराने राहायची झोपडी. घरात कोणाला ताप आला की त्याची रवानगी थेट मांगरात. हौसा दारात उभी राहून विचारायची, "ताप, खोकला, कोणाला काय?" आतून उत्तर तयारच, "नाय गो, सगळी बरी हायत." जे ठणठणीत होते त्यांच्याच कपाळाला यंत्र लावत ती फिरायची. अहवाल तालुक्याला जायचा, साहेब खूश. कोरोनाला वेशीवर रोखलेलं गाव म्हणून आमचं कौतुकसुद्धा झालं. आता यावर हसावं की रडावं?

तिला मांगरांचं कळत नव्हतं असं नाही. ती ओरडायची, मग हातापाया पडायची. "गाडीचं नंतर बघू, नुसतं बोट द्या, ऑक्सिजन किती आहे तेवढं बघते." कोणी बोट दिलं नाही.

दुसऱ्या वर्षी ऐन मे महिन्यात ती माहेरच्या दारात गेली. माहेर याच गावात, वरच्या वाडीत. भाऊ अनिल म्हणाला, "बाबा कलमात गेलाय राखणीला. वांदर लय झालेत." यात संशय घेण्यासारखं काही नव्हतं. तिचा बाप भिकाजी दर मोसमात मांगरातच मुक्काम ठोकायचा. वाडीतली बाकीची घरं करून परत जाताना तिने बागेखालच्या वाटेवरून हाक मारली, "बाबा, जेवलास काय?"

वरून आवाज आला, "जेवलो गो. जा तू."

आवाज खणखणीत होता. ती गेली. ऑक्सिजन मोजायचं यंत्र तिच्या पिशवीतच होतं.

त्याच आठवड्यात भिकाजी मांगरात वारला. तो तिथे राखणीला नव्हता, तापाने फणफणून पडला होता, हे हौसाला तेव्हा कळलं. तिने अनिलशी अबोला धरला. जो भेटेल त्याला सांगायची, "माझ्या बापाला त्याने मारलान." अनिल मान खाली घालून ऐकून घ्यायचा. भाऊबिजेला त्याची बायको जनी ओवाळणीचं ताट मांडून वाट बघायची. हौसा फिरकली नाही. एका गावात राहून बहीणभाऊ परके झाले, आणि मला विचाराल तर त्या रोगाने आमच्याकडे सर्वांत वाईट काय केलं असेल तर ते हे.

मग परवाच्या वर्षी पुण्याची एक संस्था आली. साथीत लोकांनी सरकारी उपायांना कसा प्रतिसाद दिला याचं सर्वेक्षण. हातात टॅब घेतलेली ईशा नावाची मुलगी, आणि तिला घरं दाखवायला अर्थातच हौसा. घरोघरी चहा आणि थापा. मास्क? लावलेला. हात? धुतलेले. आजार लपवला? छे, छे! हौसा नुसती भिंतीकडे बघत बसायची.

अनिलच्या घरी मात्र ती अंगणातच थांबली. जनीने पाण्याचा तांब्या पुढे केला, तोही घेतला नाही. ईशाने विचारलं, "घरात कोणी आजारी असताना कळवलं नाही, असं झालं होतं का?"

"झालं," अनिल म्हणाला. अख्ख्या गावात खरं बोललेला हा पहिला माणूस.

"कळवायचं नाही, हे कोणी ठरवलं?"

अनिल अंगणाकडे बघत बोलला, "बाबानेच. मी हिला बोलवायला निघालो होतो. त्याने माझा हात धरलान. म्हणाला, हौसाला सांगू नको. पोर माझी हाय, पण तिच्या मागना गाडी येते."

हौसाचा अबोला तिथेच सुटला. "मग मला ओ दिलीन ती कशी? आवाज तर बरा होता."

"तोवर मी मांगरात त्याच्यापाशी पोचलो होतो. तुझी हाक आली तसा म्हणाला, मला उठवून बसव. उरात होता नव्हता तेवढा दम काढलान नि तुला ओ दिलीन. तू गेलीस, तो आडवा झाला. मग बोललाच नाय."

"आणि हे तू मला आज सांगतोस?"

"काय सांगणार होतो? बाप तुला घाबरला म्हणून? त्यापेक्षा तुझा राग माझ्यावर होता तो बरा होता."

जनी पदर तोंडाला लावून आत गेली. ईशा तशी लहानच, तिला काय करावं कळेना. तिने हळूच विचारलं, "कारण भीती लिहिते. कशाची लिहू? रुग्णालयाची, विलगीकरणाची, लोकांची की इतर?"

हौसा पायरीवर खाली बसली.

"इतर," ती म्हणाली. "लेकीची."

हौसा अजून आशाताई आहे. लशी, गोळ्या, सगळं करते, अनिलकडे भाऊबिजेलाही जाते. पण वाटेवरून कोणाला हाक मारत नाही.