भाऊ सांगायचा ते कपलिंग

फोन आला तेव्हा मी जळगावला, शाळेत सहामाहीचे पेपर तपासत होते. चुलतभाऊ आबाचा आवाज. “ताई, भाऊले लागनं... धुळाले ली चालनूत,” एवढंच तो म्हणाला. मी एसटीने धुळ्याला पोचले तोवर भाऊ गेला होता. सोनगीरच्या पुढे, रस्त्यातच. त्याला दीड महिना झाला. या दीड महिन्यात दारावर आलेल्या प्रत्येकाने मला सांगितलं की त्याची वेळ भरली होती. नव्हती भरली. माझा भाऊ एका लोखंडी तुकड्यावाचून गेला, आणि तो तुकडा का नव्हता हे मला ठाऊक आहे.

भाऊ ट्रॅक्टरचा मिस्त्री. तोही जुन्या, लहान ट्रॅक्टरचा. नवी धुडं त्याला आवडत नसत. आमच्या काकांनी घेतलेला बुटका ट्रॅक्टर त्याने इतकी वर्षं चालता ठेवला होता. काकांमागे तो ट्रॅक्टर त्यांच्या मुलाकडे, आबाकडे आला. आबाची लिंबाची बाग आहे. निंदायला माणसं मिळेनात, गवत कमरेला लागलं, त्यात दोनदा साप निघाला, तेव्हा आबाने गवत कापायचं रोटरी यंत्र घ्यायचं ठरवलं. ट्रॅक्टरमागे जोडायचं, खाली जड पातं गरगर फिरतं, ते. कुठलं घ्यावं हे विचारायला तो भाऊकडेच आला. मी तेव्हा सुट्टीत घरी होते. भाऊने आधी ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांची रुंदी मोजली, मग बागेत जाऊन दोन ओळींमधलं अंतर. चहा निवून गेला तरी तो समजावतच होता. “तुन्हं ट्रॅक्टर धाकलं शे. पाच फूट त्याले जड शे, चार फूटनंच ल्ये,” असं म्हणाला, आणि मग कपलिंगवर आला. जुन्या ट्रॅक्टरला क्लच एकच. तो दाबला की इंजिन चाकांपासून सुटतं, पण मागचं पातं लगेच थांबत नाही. त्याचा जोर उलटा चाकांत येतो आणि ट्रॅक्टर पुढे रेटला जातो. एकाच बाजूने जोर घेणारं कपलिंग मध्ये बसवलं की हा उलटा जोर तुटतो. हाताच्या मुठीएवढी वस्तू. भाऊने आबाकडून ते तीनदा म्हणून घेतलं, शाळेतल्या पोरासारखं. आबा हसत होता. मीही हसले, ते आता आठवतं.

धुळ्याच्या दुकानात चार फुटी यंत्र नव्हतं, आठवड्याने येणार होतं. पाच फुटी दारातच उभं होतं, लाल, कोरं. आबाने ते आणलं. कपलिंगचं विचारलं तर दुकानदार म्हणाला की ते लागत नाही, सगळे तसंच चालवतात. भाऊने फोनवर विचारलं तेव्हा आबा लाजेखातर म्हणून गेला, “बठ्ठं बसाडेल शे, भाऊ.” सगळं बसवलंय.

तिसऱ्या दिवशी यंत्र फार हादरायला लागलं. हादरणारच, ट्रॅक्टरला ते झेपत नव्हतं. भाऊ बघायला गेला. आवाज इंजिनाचा की मागचा, हे ऐकायला तो पुढे, पाण्याच्या हौदाजवळ उभा राहिला, आणि आबा गवत कापत जवळ आला तसा थांबव म्हणून हात वर केला. आबाने क्लच दाबला. ट्रॅक्टर थांबला नाही. आबाचा पाय ब्रेकवर जाईपर्यंत भाऊ हौदाच्या भिंतीशी दाबला गेला होता.

दहाव्याचं उरकून मी त्या दुकानात गेले. ते लागतं हे तुम्हाला माहीत होतं का, एवढंच विचारलं. तो म्हणाला, “त्यांनी मागितलं, मी मशीन दिलं. चालू ट्रॅक्टरपुढे उभं राहतं का कोणी?” आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला. मला त्याचं काचेचं टेबल फोडावंसं वाटलं. मी तशीच बाहेर आले, त्याचाही राग आहेच. आबा रोज आमच्या ओट्यावर येऊन बसतो, रडतो. फोनवर खोटं बोललो, हे त्याने आपण होऊन सांगितलं. मी त्याच्याशी बोलत नाही. वहिनी त्याला चहा देते. ते कसं जमतं तिला, मला कळत नाही... आणि खरं सांगू, माझा राग भाऊवरही आहे. गावभर दुसऱ्यांची यंत्रं हात लावून तपासणारा माणूस त्या दिवशी वाकून एकदा मागे का बघत नाही? घरच्या माणसाच्या शब्दावर उभा राहिला म्हणून?

गेल्या रविवारी कापडण्याकडचे एक शेतकरी आले. भाऊ गेल्याचं त्यांना माहीत नव्हतं. जुन्या ट्रॅक्टरला गवताचं यंत्र कुठलं बसेल, हे विचारायचं होतं. मी काही बोलायच्या आत वहिनीने त्यांना खाटेवर बसवलं. मागची चाकं बाहेरून बाहेर किती, तिने विचारलं. झाडांच्या ओळीत अंतर किती, क्लच एक की दोन. भाऊच्याच क्रमाने, त्याच्यासारखीच मध्ये थांबत. तीस वर्षं स्वयंपाकघरातून ऐकलेलं. मग कपलिंग. ते तिने त्यांच्याकडून तीनदा म्हणून घेतलं.

ते निघाले, चपला घातल्या, तेव्हा ती दारापर्यंत गेली.

“आनि दादा, कोनी कितलंबी सांगं तरी, चालू मशीनना पुढे उभं ऱ्हावानं नही.”

हे भाऊ कधी कुणाला सांगत नसे. हे वहिनीचं होतं.