नऊ उंदीर मेले होते

विद्यापीठाच्या जीवशास्त्र विभागाचं प्राणीघर तळघरात होतं आणि एकवीस वर्षं ते एकाच माणसाने सांभाळलं होतं. पोरं त्याला उंदीरमामा म्हणत. त्याचं त्याला काही वाटत नसे. पण पिंजऱ्यातला भुसा ओला राहिला किंवा पाण्याची बाटली रिकामी दिसली, की समोर प्राध्यापक का असेना, मामाचं तोंड सुटायचं. "त्यांना बोलता येत नाही, मला येतं!"

त्या वर्षी मोठ्या सरांनी यकृताच्या आजारावरचं नवं औषध वीस उंदरांना टोचलं. दहा दिवसांत त्यातले नऊ मेले. केस पिंजारून कोपऱ्यात गोळा होऊन बसायचे आणि सकाळी ताठ. मामाने प्रत्येकाची तारीख-वेळ नोंदवहीत लिहून खाली सही केली.

सहा महिन्यांनी सरांचा लेख छापून आला. त्यांच्या हाताखाली संशोधन करणारी मुलगी तो घेऊन धावत खाली आली.

"मामा, शेवटी तुमचेही आभार मानलेत बघा!"

मामाने आभार सोडून तक्ता पाहिला. औषध दिलेले उंदीर अकरा. अकराही जिवंत.

"बाकीचे नऊ कुठं गेले गं?"

पोरीने लेख घाईने मिटून घेतला. मामाचं टाळकंच सरकलं. तो तडक सरांच्या खोलीत शिरला.

"अहो, ते आधीपासूनच आजारी होते," सर हसून म्हणाले.

"आजारी? माझ्याकडे? टोचायच्या आदल्या दिवशी मी स्वतः वजनं केलीत. एकही कमी भरला नव्हता!"

सरांचं हसू मावळलं. "ती वही फार मळलीय, मामा. नव्याने लिहून काढा."

"मेलो तरी नाही लिहिणार."

घरी बायको वैतागली. "उंदरांपायी नोकरी घालवणार का?"

"उद्या हेच माणसांना टोचतील. तुझ्या भावाचंही यकृत गेलंय ना? त्याला चालेल?"

ती बराच वेळ भांडी आपटत राहिली. मग म्हणाली, "आधी वहीच्या पानांचे फोटो काढा. ही माणसं वहीच गिळतील."

तिसऱ्या दिवशी वही खरोखरच गायब झाली. मामाने विद्यापीठाकडे तक्रार केली आणि चौकशी समिती बसली तेव्हा फोटो तिच्यापुढे ठेवले. सरांनी 'नजरचूक' म्हणून हात झटकले आणि मामाची बदली काचसामान धुण्याच्या खोलीत झाली. म्हणे, वयाकडे बघून!

एक दिवस ती मुलगी तिथे आली आणि रडायला लागली. "मला ठाऊक होतं, मामा. सरांनीच आकडे गाळायला सांगितले."

"मग माझ्यापुढे काय रडतेस? लिहून दे!" मामा खेकसला. हातातला काचेचा चंबू त्याने इतक्या जोरात ठेवला की त्याला तडा गेला.

तिने समितीला लिहून दिलं. लेख मागे घ्यावा लागला, माणसांवर व्हायची होती ती चाचणी थांबली. विभागाच्या पत्रकात मात्र छापलं, 'सरांनी प्रामाणिकपणे चूक मान्य केली.' मामाने ते दोनदा वाचलं, टराटरा फाडलं आणि तुकडे सरांच्या टेबलावर नेऊन टाकले. सर मान वर न करता लिहीत राहिले.

प्राणीघराची किल्ली मामाला परत मिळाली नाही.