संघमित्रासाठी एक डहाळी

आमच्या घरी ‘अनुभव’ हा शब्द नोकरीच्या अर्जात लिहिण्यापुरताच होता. आईवडील दोघंही नेमाने विहारात जाणारे, पण नवस, कौल, साक्षात्कार असलं काही कानावर आलं की वडील म्हणायचे, “आधी कारण शोध, मग हात जोड.” मी तशीच वाढले आणि पुढे प्रयोगशाळेतच नोकरीला लागले. त्यामुळे आमच्या विहाराच्या वार्षिकासाठी आध्यात्मिक अनुभव लिहून द्या, असं सांगितल्यावर मी आधी साफ नाही म्हणाले. जे घडलं त्यात कारण सापडू नये असं काहीही नाही, हे मला आजही ठाऊक आहे. तरीही तो दिवस आठवला की हात आपोआप जोडले जातात. हे खरं असेल तर ते लपवण्यात तरी काय शहाणपण, असं वाटलं, म्हणून लिहिते आहे.

ऑकलंडमधल्या एका विद्यापीठात मी सतरा वर्षं प्रयोगशाळेची व्यवस्था बघते. पापाकुराहून सकाळची ट्रेन पकडते, सर्वांच्या आधी पोचते. फॉर्म भरला नसेल तर माझ्याकडून प्राध्यापकालाही साधी काचेची बाटली मिळत नाही, अशी माझी ख्याती आहे आणि खोटं कशाला बोलू, मला तिचा थोडा अभिमानही आहे. कोणी अडचणीत सापडलं की माझ्या तोंडून पहिला शब्द निघतो, “मी आहे ना.” हा शब्द मी आजवर पाळत आले, म्हणून तो उच्चारताना विचार करायची सवयच उरली नव्हती.

संघमित्रा यवतमाळजवळच्या एका गावातली. वडील लहानपणीच गेले, आई सुमनताई अंगणवाडीत काम करतात. पोरगी स्कॉलरशिप मिळवून पीएचडीला आमच्याच विभागात आली आणि पहिल्याच दिवशी मला “मावशी, जयभीम” म्हणाली. रविवारी ती आमच्याकडे जेवायला यायची, माझ्या भाकरीला नावं ठेवायची आणि तीन खायची. इतर दिवशी मी जेवणाच्या सुट्टीत टेबलावरच ऑर्डरी तपासत डबा उरकायची आणि तिला म्हणायची, “बाहेर जा, जरा ऊन खा.” ती जायची. कुठे जायची, हे मी कधी विचारलं नाही.

तिसऱ्या वर्षी तिला रक्ताचा आजार निघाला. उपचार सुरू झाले. अंथरुणावरही तिला अहवालाची चिंता लागलेली असायची. नोंदणी काही महिने स्थगित ठेवता येते, पण मग आठवणीचे ईमेल आणि फॉर्म चालूच राहतात. मी तिला म्हटलं, “प्रवेश सरळ मागे घे. बरी झालीस की पुन्हा घेऊ, मी आहे ना.” तिने ऐकलं. पुढच्या महिन्यात ती हॉस्पिटलमध्येच वारली. तिच्या आईचा व्हिसा ती गेल्याच्या दुसऱ्या दिवशी आला. तेव्हापासून एक गोष्ट मला आतून खात होती, आणि ती मी कोणालाच सांगितली नव्हती. अभ्यास हाच त्या पोरीचा आधार होता. तो मीच सोडायला लावला आणि तिने जीवही सोडला, असं मला वाटायचं. तिच्या आईलाही हे सांगायची माझी हिंमत झाली नव्हती.

सुमनताई दर आठवड्याला फोन करायच्या आणि फिरून फिरून एकच विचारायच्या, “ताई, थे तिकडं एकटीच राह्यत होती काय वं?” मी म्हणायचे, नाही हो, आमच्याकडे यायची. पण रविवार आठवड्यातून एकदाच येतो, हे त्यांनाही कळत होतं. आमच्या विद्यापीठात दर ऑक्टोबरला एक स्मरणसभा होते. वर्षभरात गेलेल्या विद्यार्थ्यांची आणि कर्मचाऱ्यांची नावं एकेक करून वाचतात. नाव झालं की घरचं माणूस पुढे येऊन हिरव्या पानांची डहाळी पुढे अंथरलेल्या चटईवर ठेवतं. यंदा नावं वाचणाऱ्या तिघांत मी होते. मी सुमनताईंना कळवून टाकलं, तुमच्या लेकीचं नाव साऱ्या विद्यापीठासमोर घेतलं जाईल, मोबाईलवर दाखवते. आमच्याकडे दुपारी एक म्हणजे तिकडे पहाटे साडेपाच. त्यांनी ही गोष्ट गावभर सांगितली. तिथल्या विहारात मोठा पडदा लावायचं ठरलं. पांढरी लुगडी धुऊन वाळत घातल्याचा फोटोही आला.

यादी मी पाहिली ती सभेच्या अर्धा तास आधी. त्यात संघमित्रा नव्हती. सभा घेणाऱ्या चॅप्लिन, म्हणजे विद्यापीठाच्या धर्मोपदेशक बाई, स्वभावाने फार मऊ. त्यांनी लॅपटॉप उघडून पाहिलं आणि हळूच म्हणाल्या, “आय ॲम सो सॉरी. गेली तेव्हा ती विद्यार्थिनी नव्हती. तिने प्रवेश मागे घेतला होता. शिवाय घरच्यांचा संमतीचा फॉर्मही नाही.” फॉर्म! सतरा वर्षं ज्या शब्दाने मी लोकांना दारातून परत पाठवलं, तो आता माझ्या कपाळावर येऊन आदळला. मी भांडले. त्या म्हणाल्या, एकदा असंच ऐन वेळी एक नाव घेतलं आणि त्या घरच्यांना ते नको होतं, फार दुखावले ते लोक. पुढच्या वर्षी नक्की घेऊ. यात त्यांचं काहीच चुकत नव्हतं. त्यांच्या जागी मी असते तर इतकं गोडही बोलले नसते.

मी मनाशी ठरवलं, गेली यादी खड्ड्यात, मी नाव घेणारच. मोबाईल स्टँडला लावला. त्याच्या पडद्यावर गावचं विहार दिसत होतं, पांढऱ्या कपड्यांतल्या बायाबापड्या मांडी घालून बसलेल्या, आणि पुढे सुमनताई, मांडीवर लेकीचा फोटो. माझी पाळी आली. मी नावं वाचू लागले. एक निवृत्त प्राध्यापक. ग्रंथालयातल्या एक बाई. दुसऱ्या वर्षाचा एक मुलगा, त्याचे वडील डहाळी ठेवून तिथेच थांबले, त्यांना परत जाता येईना. मी त्यांच्यासाठी थांबले. आणि त्या थांबलेल्या मिनिटात मला स्वतःचं मन अगदी स्वच्छ दिसलं. संघमित्राचं नाव घ्यायची एवढी घाई मला कशासाठी होती? तिच्यासाठी थोडी, आणि माझा शब्द गावासमोर पडू नये म्हणून जास्त. त्या बापाच्या पाठोपाठ, माझी लाज राखायला, तिचं नाव वापरायचं मला जमेना. मी शेवटचं नाव वाचलं, कागद मिटला आणि बाजूला झाले. तोंडाने काही म्हटलं नाही. पण रोज सकाळी तीनदा म्हणते ते ‘शरण’ त्या क्षणी पहिल्यांदा खरं झालं. माझ्या हातात काही उरलं नाही, हे मी मनापासून कबूल केलं. भीती वाटली नाही. सुमनताईंना सगळं खरं सांगायचं, एवढंच पक्कं झालं.

मग इथल्या मूळच्या माओरी समाजातले एक वडीलधारे आजोबा काठी टेकत उठले. दरवर्षी ते शेवटची प्रार्थना म्हणतात आणि सभा संपते. त्यांच्यात गेलेल्या माणसांविषयी बोलत नाहीत, थेट त्यांच्याशीच बोलतात. यंदा प्रार्थनेआधी ते थांबले आणि म्हणाले, “कोणी एखादं नाव मनात घेऊन आलं असेल, तर ते इथे ठेवा. घरी परत नेऊ नका.” हे छापलेल्या कार्यक्रमात नव्हतं. वाट मोकळी झाली होती, आणि माझ्या तोंडून नाव निघेना. आयुष्यात एवढं बोलले, आणि तेव्हा नाही.

तेवढ्यात सर्वांत मागून एक बाई म्हणाली, “संघमित्रा.”

ती पुढे आली. साठीच्या घरातली, चिखलाचे गमबूट, केशरी जाकीट. विद्यापीठाच्या बागेत काम करणाऱ्या चौघांपैकी एक. हातात कावाकावाची डहाळी होती. ही पानं इथले लोक दुखवट्याला डोक्यावर माळतात, हातात धरतात. सभेसाठी तीच तोडून आणते, हे मला नंतर कळलं. तिने डहाळी चटईवर ठेवली, चटईवरून हात फिरवला आणि उभी राहिली. मोबाईलच्या पडद्यावर एकेक करून सगळे हात जोडले गेले.

सभा संपल्यावर मी तिला गाठलं. नाव नायरी. “तुम्ही कशा ओळखता तिला?”

“रोज जेवायला यायची ना माझ्याकडे. शेडच्या मागे, लिंबाच्या झाडापाशी, एकाच डब्यातून खायचो आम्ही. तिचं लोणचं भलतंच तिखट, हं. मी दोनदा रडले.” ती हसली. “दरवर्षी डहाळ्यांची टोपली दारात ठेवून जाते मी. आज डहाळ्या तोडताना एक तिच्यासाठी तोडली, मग ती कोणाच्या हातात देणार? म्हणून थांबले.”

मी न राहवून विचारलं, शेवटी ती कशी होती? नायरी म्हणाली, “ज्या दिवशी कॉलेज सोडल्याचा फॉर्म पाठवला ना, त्या दिवशी थेट माझ्याकडे आली. म्हणाली, लॅबमधल्या माझ्या मावशीने डोक्यावरचं ओझं उतरवलं. आज मी नुसती बसणार. आणि गवतावर झोपून गेली. तासभर. मी अंगावर जाकीट टाकलं.”

मी तिथल्या पायरीवर बसले आणि हमसून हमसून रडले. लॅबमधली मावशी ती मीच का, असं नायरीने विचारलं नाही, तिला कळलंच असावं. ती शेजारी बसून राहिली.

मग मी सुमनताईंना फोन लावला आणि काही न लपवता सांगितलं. नाव यादीत नव्हतं. प्रवेश सोडायला मीच लावला होता. शब्द देताना मी यादी पाहिलीही नव्हती. सुमनताई म्हणाल्या, “यादी म्या काहून पाहू, ताई? नाव आयकलं ना म्या. थे बाई कोण होती?”

मी सांगितलं. बागेत काम करते, माओरी आहे, दोघी रोज दुपारी एकत्र डबा खायच्या.

“एका डब्यात?”

“हो. एका डब्यात.”

सुमनताई म्हणाल्या, “मंग एकटी नोती माही पोरगी.”

पुढच्या आठवड्यातही त्यांचा फोन आला, पण तो प्रश्न आला नाही.

यात चमत्कार होता की नव्हता, यावर मला वाद घालायचा नाही. एका बाईने एक डहाळी जास्त तोडली, एवढंच म्हणा हवं तर. मला मात्र इतकं समजलं की शरण जाणं म्हणजे हातपाय गाळून बसणं नव्हे. आपल्या हातून व्हायचं ते चोख करावं आणि उरलेलं दुसऱ्या कोणाच्या हातून होऊ द्यावं. तो हात बहुतेक वेळा आपल्या आधीच कामाला लागलेला असतो. तथागतांच्या, त्या आजोबांच्या आणि त्या गमबूटवाल्या बाईच्या मी कायम ऋणात आहे. पुढच्या वर्षीसाठी संमतीचा फॉर्म मात्र मी सुमनताईंची सही घेऊन त्याच आठवड्यात भरून दिला, सवयीला काय करणार.

सभेच्या दिवशी फोन ठेवण्याआधी सुमनताईंनी एक काम सांगितलं होतं. दुसऱ्या दिवशी दुपारी मी डबा घेऊन शेडमागच्या लिंबापाशी गेले आणि नायरीला म्हटलं, “संघमित्राच्या आईने तुम्हाला जयभीम सांगितला आहे.”

तिने हातमोजे काढले. “याला उत्तर काय द्यायचं असतं?”

“हेच.”

नायरीने हात जाकिटाला पुसले, नीट उभी राहिली आणि म्हणाली, “जयभीम.”