भासऱ्यांना लाल कार्ड

लाल कार्ड दाखवायचा सराव मी पहिल्यांदा केला तो उतू जाणाऱ्या दुधावर. चुलीपुढे ताठ उभी राहिले, डावा हात कमरेवर, उजवा झटक्यात वर. दूध काही खाली बसलं नाही. पातेल्याच्या कडेनं सुखानं उतरून निखाऱ्यांवर गेलं आणि घरभर जळका वास सुटला. जाऊबाई परसातून धावत आल्या.

"अवं, पातेलं उतरव ना! त्याले कागद काय दाखवून राह्यली?"

ही ऐंशी सालच्या आगेमागेची गोष्ट. हिंगणघाटच्या एका शाळेत मी मुलींना कवायत शिकवायचे. लग्नाआधी अमरावतीला व्यायामाचा कोर्स केलेला, त्यामुळे फुटबॉलचे सगळे नियम मला तोंडपाठ होते आणि मला नियम तोंडपाठ आहेत हे गावात सगळ्यांना तोंडपाठ होतं. इतकी मी ते सांगत फिरायचे. शिटी गळ्यात मंगळसूत्राच्या बरोबरीनं असायची. एसटीत कोणी रांग मोडून घुसलं की माझा हात आपोआप तिकडे जायचा. आज अशी पोरगी मला भेटली तर मी तिला वळसा घालून जाईन.

गावाच्या कडेला, वणा नदीच्या अंगाला, सासरची भाजीची वाडी होती. वांगी, फुलकोबी, सांबार म्हणजे कोथिंबीर. सासरे आणि भासरे, म्हणजे नवऱ्याचे थोरले भाऊ, वाडी बघायचे. आमचे हे गिरणीत कारकून. भासऱ्यांचा घरात दरारा होता, आणि माझ्यासारख्या धाकट्या सुनेला तर त्यांच्याशी बोलायचीच सोय नव्हती. ते समोर आले की पदर डोक्यावर, नजर खाली. नाव तर घ्यायचंच नाही. काही सांगायचं झालं तर भिंतीला सांगायचं: "वाढलंय म्हणावं." भिंत कधी हलली नाही, भासरे मात्र येऊन पाटावर बसायचे. लग्नाला काही वर्षं झाली होती, तरी त्यांच्या मिशा वर वळलेल्या आहेत की खाली, हे मला कोणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं.

हेच भासरे वाडीवाल्यांच्या संघाचे कप्तान. वय झालं होतं, पोट सुटलं होतं, पण गोलासमोर उभे राहिले की पुढून येणारा पोरगा रस्ता बदलायचा. त्यांचा सामना दरसाल गिरणीवाल्यांशी व्हायचा, जिनाच्या, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्याच्या, आवारात. कापूस यायला लागला की तिथे बैलबंड्यांची रांग लागायची आणि गंजीच्या गंजी उभ्या राहायच्या. म्हणून जे काय खेळायचं ते दसऱ्याच्या आत, चिखलात आणि अनवाणी.

त्या काळी आमच्याकडे कार्ड कोणी पाहिलेलं नव्हतं. कोणी कोणाला पाडलं तर पंच म्हणायचा, "ए भाऊ, जरा दमानं." मग दोन्हीकडचे लोक मैदानात उतरायचे. शिक्षा गुन्हा किती मोठा यावर ठरायची नाही, गुन्हेगाराबरोबर माणसं किती आली आहेत यावर ठरायची. मागल्या साली नागपूरहून आलेल्या पंचानं वाडीवाल्यांचा एक गोल नाकारला, तर आमच्या लोकांनी त्याला पार बसस्टँडापर्यंत पोचवलं. पळवत. या साली त्यानं येत नाही म्हणून निरोप धाडला. तेव्हा सामने भरवणारा सायकल दुकानवाला आमच्या घरी आला आणि सासऱ्यांपुढे बसला.

"मामाजी, तुमच्या धाकट्या सुनेले पाठवा. शाळेच्या पोरायच्या मॅचीत लय चोख असते ते."

"मर्दायच्या खेळात बाईमाणूस?"

"बाईमाणूस हाये म्हणूनच तं म्हणतो. तिच्या मांगं काठी घेऊन कोण धावन?"

सासऱ्यांनी बराच वेळ सुपारी कातरली. मग मला दाराशी बोलावलं.

"आयक बाई. पदर पडू द्याचा नाई. थोरल्याशी बोलाचं नाई. त्याचं नाव तोंडातून काढाचं नाई. ह्या तीन गोष्टी पाळजो. एक बी मोडली, तं शिटी चुलीत अन् शाळेतली कवायत बी बंद."

चौथी अट घातली असती तरी मी मानली असती, इतकी हुरळले होते. लग्न ठरलं तेव्हासुद्धा एवढी हुरळले नव्हते. आमच्या ह्यांना हे मी अजून सांगितलेलं नाही.

शाळेच्या कपाटातला घोटीव कागद आणला, एक पिवळा आणि एक लाल. मागून जुन्या लग्नपत्रिका चिकटवून कार्डं कडक केली आणि सराव सुरू केला. दुधाचं सांगितलंच. वाडीत घुसलेल्या गाईला पिवळं दाखवलं. शेजारणीच्या कोंबड्याला लाल दाखवलं, तर तो माझ्याच अंगावर आला. पण एक सांगते, हसायचं तेवढं हसा, रीत मला पक्की येत होती. खोडी लहान तर शिटी आखूड. खोडी मोठी तर शिटी लांब, म्हणजे कानाला आधीच कळतं. धावत जाऊन कार्ड नाकापुढे नाचवायचं नाही, त्यानं माणूस पेटतो. दोन हात लांब उभं राहायचं. तो खाली पडलेला असेल तर उठू द्यायचं. श्वास घ्यायचा. मग हात सरळ आभाळाकडे, सगळ्या मैदानाला दिसेल असा. धसमुसळेपणानं पाय लागला तर नुसती फ्री किक. मुद्दाम अडवाअडवी केली, चेंडू लांब मारून वेळ घालवला, पंचाशी हुज्जत घातली तर पिवळं. चेंडू सोडून माणसालाच मारलं तर लाल, आणि मग त्याचा संघ दहा जणांत खेळेल. या सगळ्यात शिकवणाऱ्या सरांचं एकच वाक्य मला उपयोगाचं नव्हतं. ते म्हणायचे, कार्ड दाखवताना खेळाडूच्या डोळ्यांत बघा.

सामन्याच्या दिवशी जाऊबाईंनी माझा पदर डोक्याला आकड्यांनी असा ठोकला की वादळ आलं असतं तर पदरासकट मीच उडाले असते. पांढरं लुगडं, पायात कॅनव्हासचे बूट, तोंडात शिटी. शेवटचा आकडा खोचताना त्या कानाशी म्हणाल्या, "सोडू नको वं त्यायले. घरात मले सोडत नाई."

जिनाच्या भिंतीवर पोरं बसली होती. सासरे पहिल्या रांगेत लाकडी खुर्चीवर, मांडीवर छत्री. आमच्या ह्यांना हद्दीवर झेंडा देऊन उभं केलं होतं. तो झेंडा ह्यांनी बहुतेक वेळ स्वतःच्या तोंडापुढे धरला.

सुरुवात बरी झाली. मग पावसाची सर येऊन गेली आणि काळ्या मातीचा गारा झाला. वाडीवाल्यांनी एक गोल केला, आणि भासऱ्यांनी वेळ खायला सुरुवात केली. मी फ्री किक दिली की ते चेंडू उचलून भिंतीपलीकडे मारायचे. पहिल्यांदा मी सोडलं. दुसऱ्यांदा लांब शिटी मारली, त्यांच्यापासून दोन हात लांब उभी राहिले, त्यांच्या पायांकडे बघितलं आणि पिवळं कार्ड वर केलं.

भिंतीवरून कोणीतरी ओरडलं, "अरे, सुनेनं भासऱ्याले कायचा कागद दाखवला?"

आता समज तर द्यायला हवी, आणि बोलायचं तर नाही. मी गोलाच्या खांबाकडे वळले.

"खांबा," मी म्हटलं, "आणखी एकदा असं झालं तर बाहेर जावं लागेल म्हणावं."

भिंतीवरची दोन पोरं हसून खाली पडली. भासऱ्यांची पावलं चिखलात जरा जास्त जोरानं वळली. सासऱ्यांनी छत्री या मांडीवरून त्या मांडीवर घेतली. आता खांबाशी बोलणं हे थोरल्याशी बोलण्यात धरतात की काय, हा प्रश्न मला तेव्हा पहिल्यांदा पडला. असल्या गोष्टी मला नेहमी करून झाल्यावर सुचायच्या.

सामना संपत आला तेव्हा गिरणीवाल्यांनी जोर केला. चेंडू आमच्या गोलासमोर पडला आणि त्याच्यावर दहाबारा माणसं. कोणाचा सदरा कोणता ते ओळखू येत नव्हतं, सगळे डोक्यापासून खालपर्यंत काळे, बैल धुवायला नेण्याआधी दिसतात तसे. चेंडू बाजूला निसटला होता, पण गिरणीचा एक पोरगा खाली आडवा होता, आणि त्या पायांच्या जंगलातून एक पाय वर उचलला गेला आणि पूर्ण वजनानं त्याच्या नडगीवर आला.

मी शिटी मारली. लांब. इतकी लांब की माझाच दम संपला.

घोळका उठला. सगळ्यांचे हात वर, सगळे साधू. गिरणीवाल्यांनी वाडीवाल्यांतला एक तरुण पोरगा दंडाला धरून पुढे आणला. "यानंच मारलं! काढा याले बाहेर!" तो पोरगा रडकुंडीला आला होता. आमच्या ह्यांच्याकडे बघितलं, तर झेंडा तोंडापुढे. चिखलानं माखलेल्या बारा तोंडांपैकी मारणारं तोंड कोणतं, हे मैदानातल्या एकालाही सांगता आलं नसतं.

पण मी तोंडं बघतच नव्हते. तोंडं बघायची मला सवयच नव्हती. मी पाय पाहिला होता. रुंद पंजा, अंगठा बाहेर वळलेला, करंगळीजवळ विळ्याच्या जुन्या घावाची रेघ. तो पाय रोज सकाळी माझ्यासमोर पाटावर मांडी घालून बसायचा. तो उंबऱ्यावर आला की मी पदर ओढायचे. असल्या पायाला चिखल काय लपवणार?

पिवळ्याचं एक ठीक, पण भरल्या गावासमोर घरच्या थोरल्याला बाहेर काढणं म्हणजे शिटी, कवायत, शाळा, सगळं चुलीत. आणि नाही काढलं तर? तर मग मी गळ्यात शिटी नुसतीच दागिना म्हणून घालत होते.

घोळका बाजूला सारून मी त्या पायांपाशी गेले. दोन हात लांब उभी राहिले. श्वास घेतला. कमरेच्या गाठीतून लाल कार्ड काढलं आणि वर धरलं. पावसानं घोटीव कागदाचा रंग सुटला होता. तो माझ्या तळहातावरून मनगटापर्यंत ओघळला.

"मले?" वरून आवाज आला. "माह्या घरची सून मले बाहेर काढून राह्यली? काऊन? काय पाह्यलं तिनं?"

मला उत्तर देता येत नव्हतं. खांबाशी बोलायची हिंमत पुन्हा झाली नाही. नियम एवढाच होता की तो बाहेर जात नाही तोवर खेळ सुरू होत नाही. म्हणून मी हात वर धरून उभी राहिले. ते पायही उभे राहिले. हाताला रग लागली. वाडीवाले एकेक करून मैदानात उतरायला लागले, तशी मागल्या सालच्या पंचाची आठवण झाली.

मग चिखलात छत्रीचं टोक रुतवत सासरे आले. माझ्या आणि त्या पायांच्या मधे उभे राहिले. सगळं आवार कान देऊन होतं.

"पदर पडला का इचा?" सासऱ्यांनी विचारलं.

"नाई," कोणीतरी म्हणालं.

"तुयाशी बोलली का?"

"खांबाशी बोलली!" भासरे म्हणाले.

"खांब तुया कोन लागते? नाव घेतलं का तुयं?"

भासऱ्यांचा वळलेला अंगठा चिखलात रुतला.

"माह्या तिन्ही गोष्टी तिनं पाळल्या. पोराच्या नडगीवर पाय तुयाच होता का नाई?"

एक पाय वळला, मग दुसरा. हद्दीपर्यंत जाताना चिखलात खोल उमटत गेले. मी हात खाली घेतला, पेनल्टी दिली, गिरणीवाल्यांनी गोल केला आणि सामना बरोबरीत सुटला. मला बसस्टँडापर्यंत कोणी पोचवलं नाही.

संध्याकाळी भासऱ्यांना जेवायला मीच वाढलं. लाल रंग साबणानं निघाला नव्हता, मेंदी काढल्यासारखा तळहात घेऊन मी भाकरी वाढत होते. भासरे ताटाकडे बघून जाऊबाईंना म्हणाले,

"विचार तिले. एवढ्या चिखलात मले वळखलं कसं?"

जाऊबाईंनी माझ्याकडे बघितलं. मी भिंतीकडे वळले.

"सांग म्हणावं," मी भिंतीला म्हटलं, "या घरात आल्यापासून मला पायांशिवाय दुसरं बघू दिलंय कोणी?"

सासऱ्यांना ठसका लागला. तो हसण्याचा होता की भाकरीचा, ते पदराआडून दिसलं नाही. शिटी चुलीत गेली नाही. पुढे कित्येक वर्षं, घरातली रीत सैल होऊन मी भासऱ्यांशी सरळ बोलायला लागले त्यानंतरही, जिनाच्या आवारातले सामने मीच चालवले.

पुढल्या साली मात्र वाडीवाल्यांचा कप्तान मैदानात उतरला तो नव्या बुटांत, गुडघ्यापर्यंत मोजे चढवून. सगळ्या गावात बूट घालून खेळणारा तोच एक. लांबूनच ओळखू यायचा.