सल्लागाराची सोळा इंची चाकं

लग्नाला सव्वीस वर्षं झाली तरी नवऱ्याच्या एका गुणाचं तिला अजून नवल वाटायचं. ज्या विषयातलं त्याला ओ की ठो कळत नाही, नेमका तोच विषय हा माणूस कसा हुडकून काढतो? ऑफिसातल्या लोकांनी त्याचं नाव ‘सल्लागार’ ठेवलं होतं. तो जुन्या फायलींच्या खात्यात होता. तिथे सल्ला मागायला कुणी फिरकत नसे, म्हणून तो उठून द्यायला जायचा. एका लग्नात उजेड कुठून घ्यावा हे त्याने फोटोग्राफरला शिकवलं. अख्ख्या अल्बममध्ये नवरीचे डोळे मिटलेले आहेत. सुताराला खिळ्याची जागा दाखवली, तर भिंतीतून कारंजं उडालं. दाताच्या डॉक्टरांपुढे आ वासून बसायचा तेवढीच जगाला विश्रांती, आणि तिथेही हातवारे चालूच.

ती स्वतः नर्सचे गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात कटिंग मास्तर होती. एका वेळी कापडाच्या चाळीस थरांवर सुरी चालवायची. मापात चूक झाली की ती चाळीस अंगांवर जाते, हे तिला झोपेतही ठाऊक होतं.

साडूने मोठी गाडी घेतली आणि सल्लागाराच्या पोटात दुखायला लागलं. मोठी गाडी घेणं जमणार नव्हतं, तेव्हा आपलीच नऊ वर्षांची छोटी गाडी मोठी दिसावी असं त्याने ठरवलं. चौदा इंची चाकं काढून सोळा इंची चकचकीत अलॉय बसवली, त्यांवर जाडजूड टायर चढवले, आणि जुनी चाकं त्याच दिवशी भंगारात देऊन आला. खिडकीत उभं राहून तो गाडीकडे बघायचा, तेव्हा तिला त्याची दया यायला हवी होती. यायची नाही.

त्याच आठवड्यात तिच्या आईच्या खुब्याचं ऑपरेशन झालं. शुक्रवारी सकाळी घरी सोडणार होते. डॉक्टरांनी बजावलं होतं, “मागच्या सीटवर पाय लांब करून आणा. गचका बसू देऊ नका. सांधा निसटला तर पुन्हा टेबलावर घ्यावं लागेल.” हॉस्पिटलची गाडी सोमवारपर्यंत मोकळी नव्हती. आई पडली होती तीच टॅक्सीतून उतरताना. टॅक्सीत पुन्हा पाय ठेवायला ती तयार नव्हती.

“आईंना मीच आणणार,” सल्लागाराने सगळ्या नातेवाइकांना फोन करून सांगितलं. “असा गाडीवाला जावई आहे म्हटल्यावर काळजी कसली?”

काळजी तिला होती. बुधवारी तिने कारखान्यातून कापडाचे दोन गठ्ठे आणून मागच्या सीटवर टाकले, शेजारी स्वतः बसली आणि म्हणाली, “चला, हॉस्पिटलपर्यंत जाऊन येऊ.”

“गठ्ठ्यांना कोण आजारी आहे?”

“चला म्हणते ना.”

हॉस्पिटलच्या फाटकाशी चढ होता. गाडी चढावर वळली आणि मागून घर्रर्र आवाज झाला. गाडीला असा हिसका बसला की वरचा गठ्ठा तिच्या मांडीवर आला.

“हे काय वाजलं?”

“नवीन टायर आहेत. रुळतील हळूहळू.”

“टायर रुळतात? नव्या सुनेसारखे?”

“अगं, तुला यातलं काय कळतं? रबराला वेळ द्यावा लागतो.”

ती उतरली आणि मागच्या चाकाशी वाकली. मडगार्डच्या आतलं प्लॅस्टिक खरवडून निघालं होतं, रबराचा जळका वास येत होता.

“दोन गठ्ठ्यांनी ही गत. शुक्रवारी या गठ्ठ्यांच्या जागी आई असेल.”

“मग आईंना पुढे बसवू.”

“डॉक्टरांनी मागे सांगितलंय.”

“डॉक्टरांना गाडीतलं काय कळतं?”

तिने त्याला गाडी थेट टायरच्या दुकानात न्यायला लावली. दुकानदार पंक्चर काढत बसला होता. त्याने आधी तिच्याकडे पाहिलं, मग सल्लागाराकडे, आणि हसू मिशीत दाबलं.

“ताई, मी सांगितलं होतं, एवढा मोठा टायर नको. साहेब म्हणाले, तुम्ही हवा भरा.”

“मी हिशेब केला होता!” सल्लागार उसळला. “जुन्यावर लिहिलं होतं एकशे पासष्ट, ऐंशी, चौदा. नवा दोनशे पाच, साठ, सोळा. ऐंशीचे साठ झाले, म्हणजे टायर वरून वीस मिलिमीटर कमी, खालून वीस कमी. चाक दोन इंच मोठं. सगळा मिळून फरक एक सेंटीमीटर!”

दुकानदाराने हातातला पाना खाली ठेवला. “साहेब, साठ म्हणजे मिलिमीटर नव्हे. टक्के. टायरची जेवढी रुंदी, तिच्या साठ टक्के उंची.”

कापड पाच टक्के आटतं म्हणजे पाच सेंटीमीटर आटतं, असं म्हणणाऱ्या माणसाला तिने पहिल्याच दिवशी कारखान्याबाहेर काढलं असतं. आणि अशाच माणसाबरोबर तिने सव्वीस वर्षं संसार केला होता.

पर्समधून शिंप्याचा खडू काढून ती जमिनीवर लिहायला बसली. जुना टायर: एकशे पासष्टचे ऐंशी टक्के, एकशे बत्तीस. वरची बाजू, खालची बाजू आणि मधलं चाक मिळून सहाशे वीस मिलिमीटर. नवा: दोनशे पाचचे साठ टक्के, एकशे तेवीस. सगळं मिळून सहाशे बावन्न.

“बत्तीस मिलिमीटर,” ती म्हणाली. “सव्वा इंच जास्त. मडगार्डला घासणार नाही तर काय?”

“म्हणजे काट्यावर वेगही कमीच दिसत असणार,” दुकानदार म्हणाला.

सल्लागाराने खडूच्या आकड्यांकडे पाहिलं. एक शिंक यायला लागतो तेवढाच वेळ.

“तरीच मला शंका येत होती,” तो म्हणाला.

दुकानदाराने दोन टायर पुढे आणले. एकावर होतं एकशे पंचाण्णव, पन्नास, सोळा. दुसऱ्यावर पन्नासच्या जागी पंचावन्न. सल्लागाराने पहिल्यावर हात ठेवला. “हा! बारीक आहे, चाक उठून दिसेल.”

तिने खडूने मांडलं. “सहाशे एक. लहान पडतो.”

“थोडाफार चालतो तसा,” दुकानदार म्हणाला, “पण बाजूला रबर कमी. खड्डा आला की दणका आतल्या माणसाला.”

“आणि पंचावन्नचा?” तिने स्वतःच उत्तर काढलं. “सहाशे एकवीस. जुन्याइतकाच. वजन पेलेल?”

दुकानदाराने टायरच्या कडेवरचा वजनाचा आकडा फडक्याने पुसून दाखवला. “जुना पंच्याऐंशीचा होता, हा सत्त्याऐंशीचा. जास्तच पेलेल. तुमच्या रिमची रुंदीही याला बरोबर आहे.”

“पंचावन्नचे बसवा.”

“गाडी माझी आहे,” सल्लागार म्हणाला.

“आई माझी आहे.”

दुकानदाराने जॅक लावला.

गुरुवारी तेच गठ्ठे घेऊन तिने त्याला तोच चढ तीनदा चढायला लावला. काही वाजलं नाही. शुक्रवारी आईला दोघा नर्सनी अलगद मागे बसवलं. तिने आईच्या गुडघ्याखाली दोन्ही तळवे धरले आणि नजर फाटकावर ठेवली. गाडी वळली, चढावरून खाली उतरली, रस्त्याला लागली. आईच्या कपाळावर आठीसुद्धा उमटली नाही.

“जावईबुवा, पाणीसुद्धा हिंदकळलं नसतं हो,” आई म्हणाली.

एवढं पुरे होतं. ‘पडलो तरी नाक वर’ म्हणणाऱ्याला याहून जास्त चढवावं लागत नाही.

“पंचावन्नच घ्यायचे हे माझं पहिल्यापासून ठरलेलं,” सल्लागार म्हणाला. “लोकांना वाटतं ते मिलिमीटर असतात. अडाणी लोक! टक्के असतात, आई, टक्के. म्हणजे बघा हं,” आणि समजावून सांगण्यासाठी त्याने स्टिअरिंगवरचा एक हात सोडून मान पुरती मागे वळवली.

तिच्या तोंडात सव्वीस वर्षांचं उत्तर तयार होतं, पण आईने तिच्या आधीच तोंड उघडलं.

“जावईबुवा,” आई म्हणाली, “पुढे बघा.”

त्याने पुढे पाहिलं. आई तिच्याकडे झुकली. “हा रोज असाच बोलतो का गं?”

“रोज.”

आईने तिच्या मनगटावर हात ठेवला आणि घर येईपर्यंत तो काढला नाही.